सह्याद्रीतली बौद्ध लेणी आणि आपला सीमाभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार, भालकी या पट्ट्यातल्या मराठी वाचकांकडून लेण्यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो.

लेणी हा महाराष्ट्राचा विषय. आपण सीमाभागातले लोक त्यात का पडावं?

कारण त्यातलं सगळ्यात देखणं लेणं आपल्या बाजूच्या माणसाने पुरं करून दिलं आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ल्याला चैत्यगृहाच्या, म्हणजे उपासनेच्या दालनाच्या, व्हरांड्यात डाव्या टोकाला भिंतीतून हत्ती पुढे आलेले दिसतात. त्याच बाजूला ब्राह्मी या प्राचीन लिपीच्या अक्षरांत एक छोटा लेख आहे. त्याचा आशय असा : वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने जंबुद्वीपातलं हे उत्तम शैलगृह पूर्ण केलं. वैजयंती म्हणजे बनवासी, आजच्या शिरसी तालुक्यातलं वरदा नदीकाठचं गाव. कारवार जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात गेला. भूतपाल शेठजींच्या काळी यातली एकही रेघ नकाशावर नव्हती. ते घाट चढत-उतरत व्यापार करत होते आणि कमाईतला मोठा वाटा त्यांनी मावळातल्या एका डोंगरात घातला.

आणि बढाई म्हणून ‘जंबुद्वीपात उत्तम’ म्हटलं असेल म्हणावं, तर तसंही नाही. सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि तितकंच उंच दालन, दोन्ही बाजूंना १५-१५ खांबांची रांग, खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर जोडपी. भारतात कोरलेल्या चैत्यगृहांत याच्या तोडीचं दुसरं नाही. आमच्या मते बेळगाव-कारवारच्या शाळांतल्या मुलांना हा एक लेख तरी वाचून दाखवायला हवा.

चैत्यगृह, विहार आणि स्तूप यांत फरक काय?

स्तूप म्हणजे मूळचा अस्थींवर उभारलेला भरीव घुमट. त्याच्या गोल भागाला अंड म्हणतात, त्यावर चौकोनी हर्मिका आणि सर्वांत वर छत्र. चैत्यगृह म्हणजे स्तूप आत ठेवून बांधलेलं उपासनेचं दालन. त्याचा मागचा भाग अर्धगोल असतो, म्हणजे स्तूपाला प्रदक्षिणा घालता येते. विहार म्हणजे भिक्षूंचं राहण्याचं ठिकाण : मध्ये मोकळी जागा, भोवती खोल्या.

विहारातली एखादी खोली नीट बघा. जेमतेम एका माणसाला पुरेल एवढी. भिंतीलगत दगडातच सोडलेला ओटा, हीच निजायची जागा. दाराच्या चौकटीला वरखाली भोकं आहेत, त्यांत लाकडी दाराच्या खुंट्या फिरायच्या. बाहेर आलात की अंगणाच्या कडेला खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसतं. लेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय आणि ते दान देणाऱ्यांची नावंही कोरलेली आहेत. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. तिथे डोंगरउतारावरून पावसाचं पाणी कोरीव पन्हाळीतून टाक्यांत कसं वळवलंय ते पाहिलं की तिथे किती लोक राहत असतील याचा अंदाज येतो. भिक्षू पावसाळ्यात फिरती थांबवून एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणतात. सह्याद्रीतला पाऊस आपल्याला सांगायला नको. खानापूर-जांबोटीच्या माणसाला कोरड्या छपराची किंमत चांगली ठाऊक आहे.

अख्खा डोंगर कोरायचा म्हणजे सुरुवात कुठून करायची?

वरून. हे एकदा कळलं की लेणं बघण्याची नजरच बदलते. घर बांधताना आपण पायापासून वर जातो. इथे पाथरवट आधी कड्याचा दर्शनी भाग तासून सपाट करत, मग छताच्या पातळीवर आत शिरत आणि छत पुरं करून खाली खाली येत. छताच्या बारीक कामासाठी वेगळी परांची बांधायची गरज पडत नसे, कारण न तोडलेला खडकच उभं राहायला जागा देई. शेवटी जमीन. खांब उभे केलेले नसतात, भोवतीचा दगड काढून ते शिल्लक ठेवलेले असतात. म्हणून हिशेब चुकला तर दुरुस्ती नाही. खांब एकदा बारीक झाला की झालाच.

ही पद्धत अर्धवट राहिलेल्या लेण्यांत उत्तम दिसते. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं मोठा विहार व्हायचं होतं, ते अपुरं राहिलं. तिथे काही खांब अजून नुसते ओबडधोबड ठोकळे आहेत आणि टाकीचे घाव स्पष्ट दिसतात. आमची शिफारस अशी की अजिंठ्याला गेलात तर रंगचित्रांबरोबर या लेण्यापुढेही थोडा वेळ थांबा. काम करणाऱ्याचा हात तिथे दिसतो.

दगडात लाकडाच्या तुळया कशासाठी कोरल्या?

आधी ही दालनं लाकडाची होती म्हणून. कारागिरांच्या डोळ्यांपुढे सुताराने उभी केलेली सभागृहं होती. लोणावळ्याजवळच्याच भाज्याला, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या चैत्यगृहात, खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. लाकडी इमारतीत वरच्या कमानीचा रेटा सोसायला खांब तिरपे लावत असतील. दगडात त्याची काही गरज नव्हती, पण सवय सुटली नाही. छताच्या कमानींना तर खरोखरच्या लाकडी फासळ्या बसवल्या आणि त्यातल्या कित्येक आजही जागेवर आहेत. कार्ल्यालाही तसंच, आणि तिथे स्तूपावरचं छत्रसुद्धा लाकडाचं आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचं लाकूड, तेही घाटमाथ्याच्या दमट हवेत!

कार्ल्याच्या दाराशी दोन छोटे लेख आहेत. एक धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंध विकणाऱ्याचा, ज्याने दाराचा खर्च दिला. दुसरा त्याच गावच्या सामी नावाच्या कारागिराचा, ज्याने ते केलं. सामी हा वड्ढकी, म्हणजे सुतार. दगडी दार करणाराही सुतारच होता, यात या सगळ्या वास्तुकलेचं मूळ सापडतं. पुढे वेरुळच्या १० क्रमांकाच्या चैत्यगृहात छताच्या फासळ्याही दगडातच कोरल्या, लाकडाचं काम उरलंच नाही. तरी लोक त्याला अजून ‘सुताराची झोपडी’ म्हणतात.

हा सगळा खर्च राजांनी केला का?

काही प्रमाणात. नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा मोठा लेख आहे. पण बहुतेक लेख व्यापारी, कारागीर, गृहिणी, भिक्षुणी आणि परगावच्या ‘यवन’ (त्या काळी ग्रीक, परदेशी) दात्यांचे आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक खोली, कोणी टाकं. वर्गणीतून देऊळ उभं करणाऱ्या आपल्या गावांना हे अनोळखी वाटू नये.

एक लेख मात्र आकड्यांसकट सांगण्यासारखा आहे. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याने दिलेली ठेव नोंदली आहे. गोवर्धन गावातल्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे (व्यवसायसंघाकडे) २,००० कार्षापण (त्या काळची नाणी) महिना शेकडा एक टक्का व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण पाऊण टक्क्याने. मूळ रकमेला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. गणित करून बघा : २,००० वर महिना २०, वर्षाला २४०. आणि २० गुणिले १२ म्हणजे २४०. पैसा न् पैसा जुळतो. विणकरांच्या संघाकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवत, हे वाचताना बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागवाल्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

मग बेळगाव जिल्ह्यात कार्ला-कान्हेरीसारखी लेणी का नाहीत?

एक मोठं कारण पायाखाली आहे. पश्चिम महाराष्ट्रातली लेणी बेसॉल्टमध्ये आहेत. लाव्हाचे आडवे थर एकावर एक बसून दख्खनचं पठार झालं. त्यात उभे कडे मिळतात, दगड एकसंध असतो आणि कोरीव काम टिकतं. या बेसॉल्टची दक्षिणेकडची सीमा आपल्याच जिल्ह्यातून जाते. बेळगाव-खानापूरकडे वर जांभा दगड, गोकाककडे वळलं की वालुकाश्म. धबधब्याचा तो तांबूस कडा आठवा. जांभा सच्छिद्र असतो, त्यात मोठी दालनं आणि बारीक नक्षी साधणं कठीण.

दुसरं असं की लेणी मुख्यतः बंदरांकडे उतरणाऱ्या घाटांच्या तोंडाशी दाटीने आहेत : नाणेघाटाजवळ जुन्नर, बोरघाटाजवळ कार्ले, भाजे, बेडसे. आपल्या बाजूला वस्तीच नव्हती असं मात्र समजू नका. बेळगाव शहराला लागून असलेल्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन नगराचे अवशेष निघाले आणि तिथल्या ब्राह्मी लेखात वैदिक यज्ञ करणाऱ्याचा उल्लेख आहे. म्हणजे त्या काळी बेळगावात मोठं गाव नांदत होतं आणि तिथली श्रीमंत मंडळी यज्ञयागावर खर्च करत होती. बनवासीचा शेठ त्याच काळात लेणं कोरवून घेत होता. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की त्या समाजाचं खरं चित्र दिसतं.

कर्नाटकात बौद्ध वास्तू कुठे कुठे आहेत?

बनवासीपासून सुरुवात करू. तिथल्या मधुकेश्वर देवळाच्या आवारात पाच फण्यांचा एक दगडी नाग आहे. त्यावरच्या प्राकृत लेखात एका राजकन्येने नाग, तळं आणि विहार यांचं दान दिल्याचं लिहिलंय, आणि नाग घडवणाऱ्या नटक या शिल्पकाराचं नावही. शिवाच्या देवळात पूजला जाणारा नाग आणि त्यावर विहाराची नोंद, असा हा दगड आहे. सिंहली परंपरेत तर अशोकाच्या काळी रक्खित थेर (ज्येष्ठ भिक्षू) यांना वनवास देशी धाडल्याचं सांगितलंय, आणि तो देश म्हणजे बनवासीचाच परिसर असं मानलं जातं.

भालकी-बिदरकडच्या वाचकांना सन्नती जवळ. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या काठी चंद्रलांबा देवीच्या आवारातलं कालीचं देऊळ १९८०च्या दशकात कोसळलं, तेव्हा मूर्तीच्या खालच्या शिळेवर अशोकाचे आदेश कोरलेले सापडले. जवळच कनगनहळ्ळीला १९९०च्या दशकातल्या उत्खननात महास्तूप निघाला. चुनखडीच्या फरशांवर कोरलेली दृश्यं, आणि त्यांत ‘राया असोको’ असं नाव कोरलेली अशोकाची प्रतिमा. हा स्तूप लेण्यांपेक्षा आंध्रातल्या अमरावतीच्या घडणीला जवळचा. म्हणजे एकाच राज्याच्या पश्चिमेला आणि पूर्वेला दोन निरनिराळ्या शैली नांदत होत्या.

ऐहोळेला मेगुती टेकडीच्या चढावर दुमजली बौद्ध चैत्य आहे, अर्धा कोरलेला, अर्धा बांधलेला, छतावर बुद्ध. लोक पायऱ्यांनी सरळ वरच्या जैन देवळाकडे जातात आणि हा बाजूला राहतो.

आणि गदगजवळच्या डंबळला १०९५ सालचा शिलालेख आहे. तिथे १६ शेट्टींनी तारा या बौद्ध देवीचा विहार बांधला आणि लक्कुंडीच्या व्यापाऱ्याने दुसरा. बौद्ध धर्म इकडून सातव्या-आठव्या शतकात संपला असं सरसकट म्हणणाऱ्यांनी डंबळचा लेख जरूर वाचावा. बळ्ळिगावीलाही ११व्या शतकात विहार होता.

भिक्षू गेल्यावर लेण्यांचं काय झालं?

ते एका दिवसात गेले नाहीत. सातव्या शतकात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग लिहितो की महाराष्ट्रात शंभरेक संघाराम (विहार) आणि ५,००० भिक्षू आहेत. पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या, राजाश्रय शैव, वैष्णव आणि जैन संस्थांकडे वळला, आणि विहार हळूहळू ओस पडले.

पण बऱ्याच ठिकाणी दिवा विझला नाही, फक्त देव बदलला. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा देवी आहे, कोळी-आगरी समाजाची कुलस्वामिनी. जुन्नरजवळ लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती बसलाय तो मूळच्या विहारात. कोकणात दापोलीजवळ पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांत आधी वज्रयानी (तंत्रमार्गी) बौद्ध, मग शैव आणि नाथपंथी खुणा एकापाठोपाठ सापडतात. तेरला, धाराशिव जिल्ह्यात, विटांचं मूळ बौद्ध चैत्यगृह त्रिविक्रमाचं देऊळ म्हणून उभं राहिलं, आणि पूजा चालू राहिली म्हणूनच ते टिकलं.

यावरून कोणी कोणाचं बळकावलं अशी भांडणं होतात. आज तिथे श्रद्धेने येणाऱ्या माणसाला दोष देण्यात काही अर्थ नाही. मात्र मूळ वास्तू कोणाची हे तिथल्या पाटीवर स्वच्छ मराठीत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि ब्राह्मी लेखावर ऑइलपेंट फासणं कोणत्याही देवाच्या नावाने खपवून घेता कामा नये.

आमच्याकडे म्हणतात, लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली.

ही समजूत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक सगळीकडे आहे. नाशिकच्या लेण्यांचं तर नावच पांडवलेणी पडलंय. ब्राह्मी लिपी वाचता येईना, तेव्हा एवढं काम माणसाच्या हातचं नाही असं लोकांना वाटलं. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्यांनी पश्चिमेकडचे लेख वाचले आणि खऱ्या दात्यांची नावं पुन्हा उजेडात आली.

बदामी-ऐहोळेच्या देवळांशी लेण्यांचं काही नातं आहे का?

जवळचं आहे. बदामीचं ३ क्रमांकाचं लेणं विष्णूचं, चालुक्य राजा मंगलेशाच्या लेखामुळे त्याचं साल नक्की कळतं : इ. स. ५७८. ४ क्रमांकाचं जैन. पण दोन्हीकडे व्हरांडा, खांबांचं दालन आणि मागच्या भिंतीत गाभारा ही मांडणी अजिंठ्याच्या विहारांच्या वळणाची आहे. ऐहोळ्याच्या दुर्ग देवळाचा मागचा भाग अर्धगोल आहे, थेट चैत्यगृहाच्या आराखड्यासारखा. आणि चैत्यगृहाच्या दर्शनी भागातली नालाच्या आकाराची कमान पुढे आकसत गेली, देवळांच्या शिखरांवर आणि कोनाड्यांवर नक्षी होऊन बसली. एकदा ओळखता आली की ती चालुक्यांच्या देवळांवर जागोजागी दिसते.

आज ही परंपरा जिवंत आहे का?

आहे, आणि त्यात आपल्या भागाचाही वाटा आहे. मार्च १९२० मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणगावला शाहू महाराजांच्या उपस्थितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची परिषद झाली, आणि एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला बहिष्कृतांची प्रांतिक परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झालं. नव्या बौद्ध समाजाने आपल्या वास्तूंसाठी जुनाच आकार निवडला : स्तूप.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप डिसेंबर २००१ मध्ये खुला झाला. तो सांचीच्या घडणीचा, पण आतून पोकळ. जुन्या स्तूपाला बाहेरून प्रदक्षिणा घालायची असे, इथे हजारो माणसं घुमटाच्या आत जातात. ज्यांच्या वाडवडिलांना देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्यांच्यासाठी आत जाता येणारा स्तूप बांधला गेला. या वास्तूबद्दल यापेक्षा महत्त्वाचं आम्हाला काही सांगता येत नाही. दादरच्या चैत्यभूमीलाही सांचीसारखं तोरण आहे. ६ डिसेंबरला सीमाभागातून तिकडे जाणारी माणसं येताजाता वाटेवरची लेणीही बघून येतात, कारण ती त्यांना आपली वाटतात. कलबुर्गीचा २००९ मध्ये सुरू झालेला बुद्धविहारही याच ओळीतला.

बेळगावहून कुठून सुरुवात करावी?

कोल्हापूरपासून. सव्वाशे किलोमीटरच्या आतलं अंतर. ब्रह्मपुरी टेकडीपाशी १८७७ मध्ये एका स्तूपाच्या जागी दगडी पेटीत स्फटिकाचा अस्थिकरंडक मिळाला होता. ‘ब्रह्माचं दान, धर्मगुप्ताने करवलेलं’ असा पेटीवरच्या लेखाचा आशय. त्याच ब्रह्मपुरीत रोमन समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती निघाली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. मग जोतिबाच्या वाटेवर पोहाळ्याची लेणी.

त्याच हमरस्त्याने पुढे कराड. आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत, बहुतेक साधी आणि लहान. गर्दी नसते, म्हणून विहारातली खोली, ओटा, टाकं निवांत बघता येतं. कराडचं जुनं नाव करहाकट. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाचे लेख मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावर आहेत, इतक्या लांबवर त्यांचे हात पोहोचले होते. चढावर सावली कमी, पाणी बरोबर घ्या. पावसाळ्यात पायवाट निसरडी होते.

कार्ले-भाजे त्यानंतर. आधी भाजे, मग कार्ले असा क्रम ठेवा. साधेपणाकडून वैभवाकडे जाणारा प्रवास एका दिवसात डोळ्यांनी बघता येतो.

शेतात नांगरताना जुन्या मोठ्या विटा, कोरीव दगड किंवा नाणी सापडली तर काय करावं?

जागेवरून हलवू नका, धुवू नका, शेंदूर-रंग लावू नका. ज्या थरात आणि ज्या दिशेने वस्तू पडली आहे त्यावरूनच तिचा काळ ठरतो, उचलली की निम्मी माहिती गेली. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. तलाठी किंवा तहसीलदारांना लेखी कळवा आणि पोच घ्या. बेळगाव जिल्हा भारतीय पुरातत्त्व खात्याच्या धारवाड मंडळाकडे येतो, तिथेही एक प्रत पाठवा. नाणी किंवा मौल्यवान वस्तू निखातनिधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याच्या, कायद्याखाली येतात (कर्नाटकात तो १९६२चा). त्या लपवणं गुन्हा आहे, आणि कळवणाऱ्याचा हक्क त्याच कायद्यात सांगितला आहे. संरक्षित स्मारकाच्या १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जमीन घेताना हे आधी तपासा.